लोटलेलं दार

"ताई, घरी नेल्यावर भावाला दारं उघडायची सवय लावा," तुरुंगात वायरमनचं काम शिकवणाऱ्या शिंत्रे मास्तरांनी सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "मास्तर, दार उघडायला काय सर्टिफिकेट लागतं?"

दादा सात वर्षांनी सुटला. पहिल्याच आठवड्यात त्यानं आमच्या घरातलं वायरिंग बदललं, बाळाचा हात पोचायचा ते सॉकेट वर घेतले. दारं मात्र मीच उघडत होते, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

सोमवारी पंपांच्या कारखान्यात मुलाखत होती. दहाला गेलेला दादा संध्याकाळी परतला. साहेबांच्या केबिनचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि हा दिवसभर बाहेर उभा. आत त्याची गैरहजेरी लागली.

"अरे, ढकलायचं ना," मी म्हटलं.

"कुणी उघडल्याशिवाय? सात वर्षांत एकदाही नाही ढकललं गं."

मी फोनवर खूप विनवलं, म्हणून आज अकराला त्याला पुन्हा बोलावलंय. ही शेवटची संधी, म्हणाले. बाळ तापलंय, मला सोबत जाता आलं नाही. तुम्ही त्या कारखान्यात असाल, तर केबिनबाहेर फाइल धरून कुणी उभं आहे का, एवढं जरा बघाल?