एक मिनिट फिरवा, पंधरा मिनिटं बोला

"फिरवा," मोठे साहेब म्हणाले.

चावीबाईने उजवी बाही वर सारली आणि चावी फिरवायला लागली. शिंपी तिची उजवी बाही नेहमी बोटभर सैल शिवायचा. टेबलापलीकडे तिघे बसले होते. मोठे साहेब, इंजिनिअर आणि तक्रारी नोंदवणारे कारकून, ज्यांना सगळा कारखाना काका म्हणायचा. इंजिनिअरच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ होतं. काकांच्या पुढ्यात दोऱ्याने बांधलेल्या दोनशे अकरा तक्रारी होत्या.

सगळ्या तक्रारी त्या डबीबद्दल होत्या. साबणाच्या वडीएवढी डबी, तिला एक चावी, आत घड्याळाची स्प्रिंग. चावी फिरवायची, वायर मोबाइलला लावायची आणि वीज नसली, बॅटरी मेली तरी बोलायचं. खोक्यावर ठळक छापलं होतं, एक मिनिट फिरवा, पंधरा मिनिटं बोला. गिऱ्हाइकांचा फोन चार-पाच मिनिटांत मान टाकत होता. एकाने डॉक्टरला आजार सविस्तर सांगितला होता, पत्ता सांगायचा राहून गेला.

पंधराचा आकडा चावीबाईचा. कंपनी भिंतीवरची घड्याळं करायची तेव्हा प्रत्येक घड्याळाला पहिली चावी तीच द्यायची. बावीस वर्षं. पुढे घड्याळं कोणी घेईना, गोदामात स्प्रिंगा उरल्या, त्यांना काहीतरी काम द्यायचं म्हणून ही डबी निघाली. चाचणीला तिच्यासकट चौघे कामगार होते. तिघांचे आकडे रोज खालीवर व्हायचे. चावीबाईचा सेकंदाने हलत नसे. कंपन्यांना न हलणारा आकडा आवडतो. तो खोक्यावर गेला आणि खाली 'तपासनीस' म्हणून तिची सहीही छापली गेली. कौतुक म्हणून कारखान्यातल्या प्रत्येकाला एक डबी फुकट मिळाली. साहेबांनी ती मेव्हण्याच्या गळ्यात मारली, इंजिनिअरने कपाटात ठेवली, काकांनी नको म्हटलं. चावीबाईच्या आईकडे वादळात खांब पडल्यापासून वीज नव्हती. तिने आईला पाठवली.

"चाचणीच्या वहीत खोटं लिहिलं असेल तर आत्ताच सांगा," साहेब म्हणाले.

चावीबाईचं लक्ष नव्हतं. तीन रविवार आईचा फोन आला नव्हता.

त्याआधी दर रविवारी सकाळी यायचा. गुडघा कसा आहे, मांजर कुठे व्याली, शेजारीण काय म्हणाली, एवढं आई घाईघाईने सांगायची. मग चावीबाई धीर करून म्हणायची, "आई, तुला इकडे आणायचं मी विसरले नाहीये, फक्त..." की फोन बंद. परत लावावा तर लागायचा नाही. म्हणजे आई नुसता ठेवायची नाही, वर बंदही करून टाकायची. "सासूबाई मुद्देसूद बोलतात," नवरा म्हणायचा. "तीन मिनिटांत आटपतात. लेकीनेही हा गुण घ्यायला हवा."

फोन आला त्या शेवटच्या रविवारी तिचा तोल गेला. आईने 'हॅलो' म्हणताच ती म्हणाली, "माझं ऐकायचंच नसेल तर फोन करत जाऊ नकोस." आईने ते मात्र पूर्ण ऐकून घेतलं.

डबीला मोबाइल जोडून साहेबांनी कंपनीचाच मदत क्रमांक लावला. एका गोड आवाजाने सांगितलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." चौघांनी ते पंधरा मिनिटं ऐकलं. मग आवाज थांबला.

"पंधरा मिनिटं, दोन सेकंद," इंजिनिअर म्हणाला.

साहेबांना राग आला. खोटं सापडलं असतं तर जेवायच्या आत काम उरकलं असतं. "काका, आता तुम्ही फिरवा."

काकांनी चष्मा काढून ठेवला, जणू काही कुस्तीच होती. वीस-पंचवीस फेरे नीट गेले. मग खांदा वर चढला, ओठ आत गेले, आणि ते थांबले.

"भरली."

"अजून निम्मी आहे, काका," चावीबाई म्हणाली. "शेवटचे फेरेच कामाचे."

"तुमच्यासाठी निम्मी असेल, बाई. माझी भरली. उद्यापर्यंत हा हात वर जायचा नाही."

पुन्हा गोड आवाज सुरू झाला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपला कॉल आमच्यासाठी. आपला कॉल आमच्या

"चार मिनिटं, दहा सेकंद."

मग साहेबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे डबीत दोष नाही! दोष गिऱ्हाइकाच्या मनगटात आहे. तसं बारीक अक्षरात छापून टाका."

इंजिनिअरने ते लिहून घेतलं. काका तक्रारींच्या गठ्ठ्याला दोरा गुंडाळू लागले.

"काका, वय काय हो तुमचं?" चावीबाईने विचारलं.

"सत्तावन्न. हसा आता."

चावीबाई हसली नाही. तिची आई एकोणऐंशीची होती. तिने मनातल्या मनात आईच्या हातात ती चावी दिली. वीस फेरे. मग दुखरा हात मांडीवर ठेवून लावलेला फोन. गुडघा, मांजर, शेजारीण. आणि लेक धीर करेपर्यंत संपलेली स्प्रिंग.

"दोरा सोडा, काका," ती म्हणाली. "एक तक्रार राहिलीय. दोनशे बारा."

"कोणाची?"

"माझ्या आईची."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "ती कधी आली? माझ्यापर्यंत नाही आली."

"माझ्यापर्यंतही नाही, साहेब," चावीबाईने बाही खाली ओढली. "खोक्यावर लेकीची सही बघून ती म्हणाली असेल, आकडा खोटा नसणार, आपलाच हात गेला."