उपाशीपोटी

“सुई दिली. आज रातपर्यंत गर्भारणीजवळ जायचं नाही म्हणते डॉक्टर,” कपिल नागपूरहून बायकोला फोनवर म्हणाला. “बाबाची बाज अंगणातच टाक.”

अपेक्षाने निंबाखाली बाज टाकली. तिला पाचवा महिना होता. बी.एस्सी. झालेली असल्याने भीतीपेक्षा कुतूहलच जास्त.

“त्या सुईत असते तरी काय?” सासूने, मैनाबाईंनी विचारलं.

“साखरेसारखंच औषध, आई. पण किरणं सोडणारं. कॅन्सरची गाठ साखर जास्त ओढते. मशीनमधी तेवढी जागा चमकते.”

“म्हणजे यायच्या छातीत बसून गोड खाऊन राह्यली मेली! अन् मी चहात साखर कमी टाकली का हे मलेच बोंबलते.”

मैनाबाई हसल्या.

सासऱ्यांचा, वामनरावांचा बिडीचा खोकला साऱ्या गल्लीला ओळखीचा होता. छातीच्या फोटोत यवतमाळच्या डॉक्टरांना डाग दिसला, हे कपिलने सांगितलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. डाग कशाचा, ते आजच्या तपासणीत कळणार होतं.

सकाळी निघताना वामनरावांनी सवयीने भाजलेले शेंगदाणे खिशात भरले होते.

“मामाजी, उपाशीपोटी जा लागते ना!”

सासरे ओशाळून हसले, पण खिसा काही रिकामा केला नाही. कपिलनेही ताट सरकवलं होतं. “बाबा उपाशी, मी कसा खाऊ?”

ऊन उतरायच्या आत दोघं परतले. वामनराव खोकत बाजेवर बसले. कपिल फाटकाजवळच थांबला.

“काय निघालं?” अपेक्षाने ओट्यावरूनच विचारलं.

“रिपोर्ट उद्या. मी बी आज अंगणातच पडतो. बाबाले सोबत.”

“पडा. पण आधी पाणी तर प्या.”

ती पेला घेऊन बाजेला लांबून वळसा घालत फाटकाकडे निघाली. कपिल दोन पावलं मागे सरला.

“तिथंच ठेव. खाली ठेव.”

“तुमाले कायचं भेव? सुई मामाजीले दिली, तुमाले नाही.” ती हसत पुढे झाली.

वामनराव ताडकन उठले. लग्न होऊन आल्यापासून सुनेला कधी बोटही न लावलेल्या माणसाने तिचं मनगट घट्ट धरलं. पेला खाली पडला.

“मामाजी, दूर व्हा! तुमच्या अंगात अजून—”

ते दूर झाले नाहीत. त्यांच्या सदऱ्यावर शेंगदाण्याची लालसर सालं चिकटलेली होती. त्यांनी तिला तसंच ओढत ओट्यापर्यंत मागे नेलं.

कपिल पेला उचलायला वाकला. बाही वर सरकली. कोपराच्या घडीत कापसाचा बोळा पांढऱ्या पट्टीखाली दाबलेला होता.