खिडकीतला मित्र

यानातून श्रीरंगचा फोटो आला, तेव्हा सासूबाई त्याच्या खोलीत नवे पडदे लावत होत्या. यानाच्या खिडकीला टेकून तो हसत होता, मागे तारे, आणि खाली कंपनीच्या अ‍ॅपने हिरवा बाण काढून लिहिलं होतं : परतीचा प्रवास सुरू.

उत्तराला मात्र चैन पडेना. लग्नाआधी गच्चीवर दुर्बीण लावून दोघं आकाशाचे फोटो काढायची, तेव्हाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तिने हा फोटो उघडला. तो प्रोग्रॅम कुणी काय लिहिलंय ते बघायचा नाही. तारे आपले आपण ओळखायचा.

त्यातला ‘मित्र’ हा सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा. यान लांब जाईल तसा तो फोटोत बाकीच्या ताऱ्यांमधल्या आपल्या जागेवरून सरकायचा. यान परत फिरलं, की त्यानेही जागेकडे परतायला हवं. पण गेल्या फोटोपेक्षा तो आणखीच सरकला होता. तिने पुन्हा तपासलं. तेच. यान वळलंच नव्हतं.

“काय गं, आला ना फोटो? दाखव की,” म्हणत सासूबाई हातातलं काम टाकून आल्या.

उत्तराने घाईघाईने कंपनीचं अ‍ॅप पुढे केलं. “येतोय, आई. हे बघा, लिहिलंय.”

सासूबाईंनी बाणाकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा सारखा करून त्या लेकाचा चेहरा निरखत राहिल्या.

“खोटं बोलताना तो लहानपणापासून अस्साच हसतो,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन लावलेले नवे पडदे उतरवू लागल्या.