तपासणीची सारंगी

महानंदानं हेडफोन कानावर चढवले, पुस्तक उघडलं आणि एकशे बारावं पान काढलं. मागच्या तपासणीला खूण म्हणून ठेवलेलं बेलाचं पान तिथंच होतं. वाळून त्याचा चुरा व्हायला आला होता, पण जागचं हललं नव्हतं. म्हणजे वर्षभरात या पुस्तकाला कुणाचा हात लागला नव्हता.

लागणार तरी कुणाचा? शिरूर अनंतपाळजवळच्या या गावचं सार्वजनिक वाचनालय वर्षातून एकदाच उघडायचं, सरकारी तपासणीला. ग्रंथपाल रामलिंगअप्पा आदल्या दिवशी गावभर फिरून वाचक गोळा करायचे. हॉटेलात पत्ते कुटणारे चौघे पुरुषांच्या टेबलाला आणि शेजारी ब्लाउज शिवणारी महानंदा महिला विभागात. महिला विभाग म्हणजे ती एकटीच. त्या चौघांनी पुस्तक उलटं तर धरलं नाही ना, एवढं बघितलं की अप्पांचं काम झालं. महानंदाची अडचण वेगळी होती. ती खरंच वाचायची.

साहेब तीन-तीन तास कपाटं आणि रजिस्टरं बघत बसायचे. संगीत विभागही चालू दिसावा म्हणून अप्पा तिच्या कानावर हेडफोन देऊन टेप लावायचे. कॅसेट एकच, नाव पुसलेली. पहिल्या वर्षी तिला वाटलं, कुणी बाई लांबून रडतीय. मग कपाटात एक पुस्तक दिसलं. वेष्टनावर एक म्हातारा काहीतरी मांडीवर उभं धरून वाजवत होता. त्या वाद्याला सारंगी म्हणतात आणि ते बाईच्या रडण्यासारखं वाजतं, हे तिला पुस्तकातून कळलं. तेव्हापासून एका तपासणीत वीस-बावीस पानं, आणि कानात ती सारंगी. म्हाताऱ्याची लेक घर सोडून गेली होती. ती परत येते का, हे महानंदाला पाच वर्षांपासून कळायचं होतं. लेकाच्या मोबाइलवर तिनं ती सारंगी शोधून बघितली. सारंग्या पुष्कळ निघाल्या, ही काही निघाली नाही.

आज लग्नाचे तीन ब्लाउज तसेच टाकून ती आली होती. टेप गप्पच होता.

“अप्पा, टेप लावा की. साहेब येतील आता.”

“साहेब न्हाई येत यंदा,” अप्पांनी मोबाइल पुसत सांगितलं. “वाचत बसलेल्यांचा फोटू मागवलाय. दोन मिंटाचं काम हाय.”

“मग टेप?”

“फोटूत आवाज येत असतो का, येडे?”

पुरुषांच्या टेबलावर हशा झाला. महानंदाच्या तीन तासांची दोन मिनिटं झाली होती. तिनं मान खाली घातली आणि भराभर वाचायला लागली. इतकी वर्षं ती एकेक ओळ जपून, चवीनं वाचायची. आता ओळीमागून ओळी नुसत्या गिळत होती.

“महानंदा, वर बघ.”

पहिल्या फोटोत तिचं तोंड आलं नाही. दुसऱ्यातही आलं नाही.

“आगं, तोंड दाखव की! काय करायलीस तू?”

“वाचायलेय, अप्पा.”

तिसराही वाया गेला. तोवर तिचं दीड पान झालं होतं. म्हाताऱ्याच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. कोण, ते पुढच्या पानावर होतं. अप्पा वैतागून जवळ आले, तसं तिनं पुस्तक पोटाशी धरलं.

“अप्पा, येवढं एक घरी न्यू का? आठ दिसांत आणून देते. शपथ.”

अप्पांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि तिच्यापुढं पसरलं. पानन्‌पान तिच्या नावानं भरलेलं होतं. दर तिसऱ्या दिवशी एक पुस्तक नेलेलं, दर तिसऱ्या दिवशी परत. समोर तिची सही, अप्पांच्या अक्षरात.

“ह्ये बघ. गेल्या म्हैन्यात हेच पुस्तक नेलतंस तू. परत बी केलंस. अख्ख्या तालुक्यात तुझ्यायेवढं वाचणारं माणूस न्हाई. आन्‌ तुला आजून काय पायजे?”

“खरंच द्या की एकदा.”

“कपाटाबाहेर एक पुस्तक गेलं की दहा जातात. मग पुढच्या तपासणीला काय दाखवू, माझं तोंड?” ते मागं सरकले. “चल, बस नीट. शेवटचा फोटू. मला कुलूप लावायचंय.”

महानंदानं पान उलटलं. पण अक्षरं दिसेनात. नुसतं पांढरं पांढरं दिसत होतं. तिनं मान वर केली, ती डोळ्यांतलं पाणी गालावर येऊ नये म्हणून. तेवढ्यात मोबाइल वाजला, कट्‌.

अप्पांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग खूश होऊन तो पत्तेवाल्यांकडं फिरवला.

“ह्याला म्हणतात फोटू! बघा, गाणं ऐकून कशी रडायलीय बाई.”