मुंगीला दहापैकी तीन

“भात लागला ना?” आईने दारातूनच विचारलं.

“थोडासा,” मुंगी म्हणाली आणि पातेलं पुढे केलं. तळाशी बोटभर कोळसा झाला होता.

आईने कपाळावर हात मारला. सहा महिने पोरगी रोज भात करत होती. एवढ्या दिवसांत शेजारचं मांजरसुद्धा शिकलं असतं. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. आता सोळा वर्षांची झाली होती आणि कामात म्हणाल, तर गोगलगाय तिच्यापुढे धावत सुटावी.

“वास नाही आला तुला?”

“सर्दी झालीये.”

मुंगीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं, हे बाबांनी ठरवलं होतं. ते घड्याळं दुरुस्त करत. दुकान खाली, घर वर. शाळेत निम्मा वेळ फुकट जातो, असं त्यांनी मोजून काढलं आणि वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या भिंतीला डकवलं. संध्याकाळी गणित, ते बाबा घेणार. सकाळी आठ ते बारा घरकाम, ते आईने शिकवायचं. दर रविवारी बाबा जेवण, शिवण, इस्त्री तपासून गुण देत. मुंगीला तीनच्या वर कधी मिळाले नाहीत, आणि बोलणी बसत ती आईला.

“शिकवणारीच कच्ची असेल, तर पोरीने काय करायचं?” बाबा शांतपणे म्हणत. त्यांचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

आईला गुरुवारी बाजारासाठी एक तास मिळे, तोही मोजून. बाकी सगळा आठवडा त्याच तीन खोल्या, तोच जिना, खालून येणारी तीच टिकटिक. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हल्ली तर भांडी घासता घासता तिचा श्वास कोंडायचा आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

म्हणून तिने मनाशी पक्कं केलं होतं. दूरच्या शहरात तिची थोरली बहीण एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात देखरेखीला होती. तिने आईसाठी काम बघून ठेवलं होतं आणि राहायला एक खाटही. ‘मात्र अठरा वर्षांखालचं कुणी इथे चालत नाही,’ तिने पत्रात लिहिलं होतं. ‘तू आधी ये. दोन वर्षांनी पोरीला बोलावून घेऊ.’

मुंगीची घरची शिकवणी सुरू झाली त्याच आठवड्यात ते पत्र आलं, आणि मुंगीनेच ते वर आणून दिलं होतं. पाकिटाची कड सुटलेली होती. हल्लीच्या डिंकात काही दम नाही, असं आई म्हणाली होती.

दोन वर्षं पोरीला बापाच्या तोंडी द्यायचं, तर तिला घर चालवता आलं पाहिजे. उपाशी राहता कामा नये, बोलणी खाता कामा नये. तिला सगळं जमलं, की त्याच आठवड्यात निघायचं. त्याआधी आईचा पाय घरातून निघणार नव्हता. हे ओझं ती एकटीच वाहत होती, आणि इकडे मुंगीला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने लावलेली बटणं दुसऱ्या दिवशी गळून पडत. इस्त्री केलेल्या बाह्या पिवळ्या पडत.

“लक्ष कुठे असतं गं तुझं?” एकदा आई अगदी काकुळतीला आली.

“इथेच तर असतं.” मुंगी सुईत दोरा ओवत होती. “आई, मला सगळं यायला लागलं, की तू काय करशील?”

आई चपापली. “काय करणार? जरा पाठ टेकेन.”

“बरं,” मुंगी म्हणाली. दोरा चौथ्यांदा चुकला.

मग बहिणीचं दुसरं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंतच जागा राहील, नंतर दुसरीला देतील. त्या गुरुवारी आईने पिशवी उचलली आणि मुंगीच्या गालावरून हात फिरवला.

“आज मी काही सांगणार नाही. भात आणि भाजी तू एकटीने कर. बारा वाजता येते. आजच्या दिवस नीट कर, बाळा. माझ्यासाठी.”

“नीट झालं तर?”

“तर माझी काळजी मिटली.”

मुंगीने मान हलवली.

आई बाजारात गेलीच नाही. ती थेट बसस्थानकावर जाऊन रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. “कुठलं देऊ, बाई?” तिकीटवाल्याने विचारलं. पोरीचा भात बघितल्याशिवाय ती कुठलं तिकीट काढणार होती? रांग सोडून ती उलट पावली घरी निघाली. बाबा डोळ्याला भिंग लावून बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही. चपला हातात घेऊन ती पाय न वाजवता जिना चढली. स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं.

ओटा आरशासारखा लखलखत होता. भाताचं शीत न् शीत मोकळं होतं. मुंगी एका हाताने भाजी हलवत होती, दुसऱ्या हाताने न बघता लसूण सोलत होती, आणि खुर्चीच्या पाठीवर बाबांचा सदरा कडक घडीत टाकलेला होता. तिने भाजी चाखली आणि समाधानाने मान डोलावली, थेट आईसारखी. मग खिडकीतून वाकून तिने बाजाराचा रस्ता लांबपर्यंत न्याहाळला. कुणी येत नाही असं पाहून ती चुलीपाशी परतली, मिठाची बरणी उचलली आणि सगळीच्या सगळी भाजीत पालथी केली.