नव्या बाई

परदेशातल्या या एवढ्याशा गावात वर्षभर शिकवायला आले, त्याला दहा महिने झाले. खोलीत जीव रमत नाही. परतीचं तिकीट उशाशी घेऊन झोपते. त्यात भाजीवाला, पोस्टमन, घरमालकीण, सगळ्यांच्या तोंडी मी अजून ‘नव्या बाई’च. नाव सांगून सांगून तोंड दुखलं. आज चौथीतल्या एका मुलीनंही तशीच हाक मारली आणि माझं डोकंच फिरलं.

“अगं, मी जुनी कधी होणार?”

“जुन्या कुणी होतच नाहीत, बाई. वर्ष झालं की जातात.”

“म्हणून नावानं बोलवायचंच नाही?”

ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली.

“पहिलीत मी बाईंचं नाव पाठ केलं होतं. त्या गेल्या तेव्हा दोन दिवस जेवले नाही. तेव्हापासून आईनं सांगितलंय, नाव पाठ करायचं नाही.”