तिचाच जबाब

हवालदारबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. पाच वर्षांची मुलगी मारहाणीत गेली होती आणि तिचा बाप आरोपीच्या बाकावर बसला होता. त्याच्या वकिलांनी विचारलं, “शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून मृत्यूच्या महिनाभर आधी तुम्हीच त्या घरी गेला होतात ना? तेव्हा अंगावरच्या काळ्यानिळ्या डागांबद्दल मुलगी काय म्हणाली?” बाईंना तो दिवस लख्ख आठवला. बापाचा हात पोरीच्या खांद्यावर होता. तिनं फ्रॉकचं बटण पिळत उत्तर दिलं, आणि तिच्या गालाला हात लावून बाई परतल्या होत्या. “साहेब, ती घाबरलेली होती...” “तिचे शब्द सांगा, बाई.” नोंद बाईंच्याच अक्षरात समोर होती. खोटं बोलायला जीभ रेटेना. “‘मीच पडले, मावशी. बाबांनी उचललं.’” टंकलेखकानं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. सरकारी वकिलांनी फाईल मिटली. बाप पहिल्यांदाच पाठ टेकून बसला.